किती पैकी किती?

परीक्षा नसलेली एकही चांगली गोष्ट मी आयुष्यात पाहिलेली नव्हती. लग्नाला परीक्षा नसते हे खरं, पण त्याबद्दल मी इथे काही बोलणार नाही, कारण हे लिखाण सगळ्यात आधी आमच्या घरातच वाचलं जाणार आहे. शिक्षणाला मात्र परीक्षा हवीच. त्यामुळे मुलीने एका संध्याकाळी जेवता जेवता, मीठ मागावं इतक्या सहज, "मी परदेशात पुढच्या शिक्षणाला अर्ज करतेय, आणि तिथे प्रवेश परीक्षा नाही," असं सांगितलं तेव्हा माझा घास हातातच राहिला.

"नाही म्हणजे? पुढे ढकलली?" मी विचारलं.

"नाही म्हणजे नाहीच, बाबा. त्या विभागाने ती मागणंच बंद केलं."

"मग घेतात कशावरून?"

"अर्जावरून. एक निबंध, दोन शिफारसपत्रं आणि मग मुलाखत."

"निबंधाला किती मार्क?"

"मार्क नसतात."

"मुलाखतीला?"

"तिलाही नसतात."

"मग बेरीज कशाची करतात?"

मुलीने चमचा खाली ठेवला. "बेरीज करतच नाहीत, बाबा," ती हळूच म्हणाली. एखाद्याला वाईट बातमी सांगताना लावतात तो आवाज तिने लावला होता. बायकोने माझ्या ताटात आणखी भात वाढला. मी नको म्हणालो नाही, कारण माझं लक्षच नव्हतं.

माझा पेशा सांगितल्याशिवाय माझं दुःख तुम्हाला कळायचं नाही. मी एका कॉलेजच्या परीक्षा विभागाचा अधीक्षक आहे, आणि परीक्षा सुरू झाल्या की मुख्य पर्यवेक्षक. कॉपी पकडणं ही एक विद्या आहे आणि ती पुस्तकात मिळत नाही. नवशिका पर्यवेक्षक मुलांच्या तोंडाकडे बघतो. परीक्षेच्या हॉलमध्ये तोंडं सगळ्यांचीच चोरासारखी असतात, त्यात कळायचं काय? मी पाय बघतो. ज्याच्याकडे चिठ्ठी आहे त्याची बोटं बुटात आखडतात आणि बूट किंचित मागे सरकतो. दुसरी गोष्ट चालण्याची. टाच टेकवायची नाही. टाच वाजली की चार बाकांपलीकडे चिठ्ठी गिळली जाते. रबरी तळव्याचे बूट घालून चवड्यांवर चालायचं आणि गुडघा जरासा वाकलेलाच ठेवायचा. मला आता दुसरं चालणं येतच नाही. पोरं मला मांजर म्हणतात. हे मला माहीत आहे ते त्यांना माहीत नाही. मी ते बाकावर कोरलेलं वाचलं आहे. जिना चढताना अलीकडे गुडघे कुरकुर करतात, पण कुठल्याही पेशात शरीराचा काहीतरी भाग खर्ची पडतोच.

मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर, औषधांच्या कोठीला लागून असलेल्या खोलीत ती लोकांचे आखडलेले खांदे सैल करते. तिला पुढे अभ्यास करायचा होता तो माणसाच्या चालीचा. चालणं हा अभ्यासाचा विषय असतो हेच मला नवीन होतं. मूल वर्षाचं झालं की चालायला लागतं, आणि कोणी त्याला त्याबद्दल पदवी देत नाही. पण तिला ज्या विभागात जायचं होतं तो एकच होता, तिथे जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि त्यांचे लेख ती गेली तीन वर्षं वाचत होती. तिला दुसरीकडे कुठेही जायचं नव्हतं. हे बायकोला आधीपासून ठाऊक होतं. आमच्या घरात कुठलीही माहिती आधी स्वयंपाकघरात येते आणि उरली तर माझ्यापर्यंत पोचते.

ही बातमी बाहेर फुटली ती मेहुण्यामुळे. बायकोचा हा धाकटा भाऊ मोटारींचे सुटे भाग विकतो आणि उरलेल्या सर्व विषयांत तज्ज्ञ आहे. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "भाऊजी, परीक्षा नाही म्हणजे वशिला. तिथे आपलं कोण आहे ते आधी शोधा."

"तिथे आपलं कोणी नाही."

"मग तर फारच वरचा वशिला लागेल," तो काळजीने म्हणाला.

वरचा म्हटल्यावर मला वरच्या मजल्यावरचे साहेब आठवले. हे निवृत्त विमा अधिकारी. त्यांचा मुलगा ती प्रवेश परीक्षा तीनदा देऊन परदेशात गेला, सिमेंटमध्ये काहीतरी शिकला, आणि तेव्हापासून आमच्या इमारतीत परदेशाचा विषय निघाला की शेवटचा शब्द साहेबांचा असतो. ते खाली आले, खुर्चीवर बसले आणि आधी त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "परीक्षा मागितली नाही म्हणून द्यायची नाही, असं कुठे आहे? द्यायची, आणि मार्क पाठवून द्यायचे. मार्क कोणाला नको असतात?"

मला हे फार पटलं. मुलीला अजिबात पटलं नाही. तरीही साहेबांनी मुलाच्या मार्गदर्शक पुस्तकांचे दोन खोके खाली पाठवले, आणि सोबत त्याचा निबंधही. निबंध 'लहानपणापासूनच मला सिमेंटची ओढ होती' असा सुरू होत होता. "यात जिथे जिथे सिमेंट आहे तिथे तिथे चालणं घाला, की झालं," साहेब म्हणाले. मी एक पान तसं करून पाहिलं. 'चालण्याचा दर्जा ते किती वेळात घट्ट होतं यावर ठरतो' इथपर्यंत आलो आणि सोडून दिलं.

मुलीने स्वतःचा निबंध स्वतः लिहिला आणि मला दाखवला नाही. तीस वर्षं मी लोकांचे पेपर हाताळतो आहे, आणि माझ्याच घरातला पेपर माझ्यापासून लपवला जावा? "नुसता नजरेखालून घालतो," मी म्हणालो.

"नको. तुम्ही लाल पेन घेऊन बसाल."

मी लाल पेन खिशातून काढून टेबलावर ठेवलं. तरीही तिने दाखवला नाही.

एक शिफारसपत्र रुग्णालयातून परस्पर गेलं; दुसऱ्यात तरी माझा हात लागेल असं वाटलं होतं. तिच्या प्राध्यापकांनी रिवाजाप्रमाणे सांगितलं, "तूच लिहून आण, मी सही करतो." मी आनंदाने मसुदा केला. 'सदर उमेदवाराची वर्तणूक समाधानकारक असून तिच्याविरुद्ध परीक्षाकाळात कोणत्याही गैरप्रकाराची नोंद नाही.' माझ्या मते माणसाबद्दल याहून चांगलं काही लिहिता येत नाही. मुलीने तो वाचला, घडी करून मला परत दिला आणि प्राध्यापकांना तुम्हीच लिहा म्हणून सांगितलं. ते आधी रागावले. मग त्यांनी खरंच लिहिलं, आणि म्हणे त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी आणखी दोघांची न मागता लिहिली.

इतकं झाल्यावर राहिली होती ती गुणपत्रकांची प्रमाणित प्रत. मुलगी आमच्याच कॉलेजात शिकलेली, त्यामुळे ती प्रत आमच्याच विभागाकडून मोहोरबंद जायची होती. म्हणजे काम घरचंच. मी छाती पुढे काढून म्हणालो, "ते माझ्यावर सोड."

दुसऱ्या दिवशी तिचा अर्ज घेऊन मी माझ्याच विभागाच्या खिडकीसमोर उभा राहिलो. आत बसणाऱ्या कारकूनबाई माझ्याच हाताखाली तयार झालेल्या. त्यांनी अर्ज वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचला. मी शिकवलं होतं तसंच.

"सर, रकाना सात रिकामा आहे."

रकाना सात म्हणजे 'परदेशी शिक्षणाच्या प्रवेश परीक्षेचा बैठक क्रमांक'. तो फॉर्म मीच तयार केला होता. त्या काळात परीक्षा दिल्याशिवाय परदेशी जाणारा माणूस माझ्या कल्पनेत बसत नव्हता.

"तिथे परीक्षाच नाहीये. 'लागू नाही' असं लिहून टाका."

बाई अवघडल्या. "सर, 'लागू नाही' चालत नाही." आणि त्यांनी ड्रॉवरमधून प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेलं एक परिपत्रक काढून काचेला लावलं. कोणत्याही रकान्यात 'लागू नाही' लिहिल्यास अर्ज अपूर्ण समजण्यात येईल. खाली माझी सही. ते परिपत्रक मी काढलं त्याला कारण होतं; पोरं आईच्या नावाच्या रकान्यातसुद्धा 'लागू नाही' लिहायला लागली होती. पण ते कारण आता काचेच्या पलीकडे उभं राहून सांगता येईना. माझी सही किती ठाम आहे हे मी त्या दिवशी पहिल्यांदा समोरून पाहिलं.

"मग हे परिपत्रक मागे घेऊ."

"त्याला समितीची मंजुरी लागते, सर. समिती पुढच्या सत्रात बसते." त्यांनी परिपत्रक पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवलं. "हाही तुमचाच नियम आहे."

मुलीच्या अर्जाची मुदत त्याआधीच संपत होती. माझ्या मागे रांगेत उभा असलेला एक पोरगा म्हणाला, "काका, उद्या या. सकाळी गर्दी नसते." मी त्याच्याकडे वळून पाहिलं तेव्हा त्याने मला ओळखलं आणि तो रांग सोडून निघून गेला.

वाट शेवटी बाईंनीच काढली. त्या काचेजवळ तोंड आणून म्हणाल्या, "सर, ताईंना म्हणावं परीक्षेचा फॉर्म भरा. बैठक क्रमांक लगेच मिळतो. परीक्षा द्यायलाच हवी असं रकान्यात कुठे म्हटलंय?"

अशा रीतीने, जिथे परीक्षा नाही तिथे जाण्याचे कागद मिळावेत म्हणून आमच्या मुलीने परीक्षेचा फॉर्म भरला. क्रमांक आला, रकाना भरला, मोहोर बसली आणि पाकीट रवाना झालं. घरी हे सगळं मी बायकोला तीनदा समजावून सांगितलं.

"म्हणजे परीक्षा नाही म्हणून परीक्षेला बसायचं," ती म्हणाली, "पण बसायचं नाही."

"बरोबर."

"आणि असले नियम कोण करतं?"

मी उठून पाणी प्यायलो.

मधल्या काळात मुलीला मुलाखतीचं बोलावणं आलं. पहिली चाळण ती पार झाली होती. कशावरून, किती पैकी किती मिळवून, हे कोणालाच सांगता येईना. मुलाखत संगणकावर, घरूनच, आणि ठरलेला दिवस नेमका तोच, ज्या दिवशी ती देणार नव्हती ती परीक्षा होती. परीक्षेचं केंद्र आमचं कॉलेज. मी प्राचार्यांकडे गेलो आणि नियमाप्रमाणे निवेदन केलं, की माझी जवळची नातेवाईक परीक्षार्थी असल्याने मला पर्यवेक्षणातून वगळावं.

"ती येणार आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"जी येणारच नाही तिचे तुम्ही नातेवाईक कसले? जा हॉलवर."

तेव्हा मी हॉलवर गेलो. मुलीचा बाक खिडकीजवळ होता. घंटा झाली, दार बंद झालं, आणि हजेरीपत्रकावर तिच्या नावापुढे मी लाल पेनाने 'गैरहजर' लिहिलं. हजारो पोरांना मी या हाताने गैरहजर केलं असेल. पण तिचं नाव आलं तेव्हा पेन उचलवेना. नंतर त्या रिकाम्या बाकावरून मी उगाचच दोनदा गेलो. मला वाईट वाटत होतं आणि का ते कळत नव्हतं, कारण सगळं ठरल्याप्रमाणेच चाललं होतं. मग लक्षात आलं की पुढचंही सगळं ठरल्याप्रमाणे झालं, तर घरातही असाच एक बाक रिकामा होणार आहे. त्या दिवशी मी एकही कॉपी पकडली नाही.

संध्याकाळी हॉलवरून थेट घरी आलो. बूट काढायलाही वेळ नव्हता. पुढच्या खोलीत मेहुणा आणि वरचे साहेब आधीच हजर होते. टेबल भिंतीपासून ओढून घेतलं होतं, आणि लॅपटॉप उंच व्हावा म्हणून त्याच्याखाली साहेबांची मार्गदर्शक पुस्तकं रचली होती. त्या पुस्तकांचा आमच्या घरात झालेला हा एकमेव उपयोग. साहेबांनी संभाव्य प्रश्न उत्तरांसकट लिहून आणले होते. मेहुण्याने दोन पुठ्ठ्यांवर मोठ्या अक्षरांत 'हसत राहा' आणि 'आत्मविश्वास' असं लिहून ठेवलं होतं, आणि ते लॅपटॉपच्या मागे उभं राहून दाखवायचा त्याचा बेत होता.

माझ्यातला पर्यवेक्षक ताडकन जागा झाला. "माझ्या घरात कॉपी होणार नाही," मी म्हणालो. दोन्ही पुठ्ठे जप्त केले. साहेबांचे कागद घेतले, तेव्हा ते म्हणाले, "अहो, मी तुमच्यापेक्षा वयाने मोठा आहे." मी म्हणालो, हॉलमध्ये वय बघत नाहीत. मग माझी नजर मेहुण्याच्या बुटांकडे गेली. बोटं आखडली होती आणि बूट किंचित मागे सरकला होता. मी हात पुढे केला. त्याने मुकाट्याने शर्टाच्या आतून तिसरा पुठ्ठा काढून दिला. त्यावर 'पाणी पी' असं लिहिलं होतं.

दोघांना मी स्वयंपाकघरात पाठवलं. तिथे बायको कपाटाचे कप्पे पुसत होती. ते कप्पे तिने सकाळीच पुसले होते.

"बाबा, आता तुम्हीही आत जा," मुलगी म्हणाली.

"पर्यवेक्षकाला हॉल सोडता येत नाही."

ती आणखी काही म्हणणार तोच पडदा उजळला. पलीकडे आखूड पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या आणि त्यांच्या शेजारी काहीतरी टिपून घेणारा एक हडकुळा तरुण. बोलणं इंग्रजीत सुरू झालं. मला इंग्रजी येतं, पण ते कागदावरचं. त्या बाईंचं इंग्रजी कागदावरच्या इंग्रजीच्या ओळखीचं वाटेना. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. माझा प्रामाणिक समज असा होता, की कॅमेऱ्याला फक्त समोर बसलेल्या माणसाचा चेहरा दिसतो. आणि तीस वर्षांची सवय अशी, की कोणी पेपर देत असताना मला एका जागी उभं राहवत नाही. पाय आपोआप चालू लागले. भिंतीपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून भिंतीपर्यंत, मुलीच्या खुर्चीमागून, हात पाठीमागे बांधून.

चौथ्या की पाचव्या फेरीला पांढऱ्या केसांच्या बाई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी काहीतरी विचारलं. मुलीचे कान लाल झाले.

"ते माझे वडील," ती म्हणाली. एवढं इंग्रजी मला कळलं.

माझे पाय जागीच थिजले. परीक्षेच्या ठिकाणी बाहेरचा माणूस आढळल्यास उमेदवार अपात्र ठरतो. असे अहवाल मी स्वतःच्या हाताने लिहिले आहेत. रडणाऱ्या आयांना बाहेर बसवून लिहिले आहेत. आणि आता तो बाहेरचा माणूस मीच होतो, माझ्याच घरात सापडलेला. मुलीची तीन वर्षांची आस मी दोन पावलांत बुडवली होती.

बाई बरंच काही बोलल्या. मुलगी मागे वळली. "बाबा, त्या म्हणतायत, परत चाला."

"चूक माझी आहे म्हणून सांग त्यांना. तुझा काही दोष नाही. मी लेखी देतो."

"बाबा. चाला."

मी चाललो. मग उलटा चाललो. मग मला बूट काढून चालायला सांगितलं. मग मोजे काढून. मग पँट गुडघ्यापर्यंत वर करून. मुलीने लॅपटॉप पुस्तकांवरून उचलून थेट जमिनीवर ठेवला, आणि परदेशातले दोन विद्वान माझ्या पोटऱ्यांकडे खालून बघू लागले. स्वयंपाकघराच्या दारातून दोन डोकी बाहेर आली. मेहुण्याला वाटलं ही शारीरिक चाचणी आहे. "भाऊजी, ताठ चाला," तो कुजबुजला. साहेब म्हणाले, "आमच्या मुलाच्या वेळी हे नव्हतं."

मुलगी माझ्या पायाशी गुडघ्यांवर बसली. माझ्या टाचेवर, मग पोटरीवर, मग गुडघ्याच्या वाटीवर बोट ठेवून ती भराभर बोलू लागली. त्यातलं मला 'थर्टी इयर्स' कळलं, 'सायलेंट' कळलं आणि 'नी', म्हणजे गुडघा, कळलं. पण तिचा आवाज मला ओळखीचा वाटेना. इतकी न घाबरता बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. बाई विचारत होत्या आणि ती सांगत होती. एकदा बाईंनी काहीतरी विचारलं आणि मुलगी स्पष्ट म्हणाली, "मला माहीत नाही." मी डोळेच मिटले. कोरा पेपर ठेवावा, पुरवणी जोडून मागच्याच ओळी पुन्हा लिहाव्यात, पण 'माहीत नाही' असं कोणी कधी लिहितं का? डोळे उघडले तर बाई हसत होत्या आणि तो हडकुळा तरुण मान डोलवत लिहून घेत होता. मी पुरता गोंधळून गेलो.

शेवटी लॅपटॉप मिटला. साहेब आणि मेहुणा एकमेकांकडे न बघता आपापल्या घरी गेले. मी तसाच पँट वर केलेला, खुर्चीवर बसलो.

"सगळं वाया घालवलं ना मी?" मी विचारलं.

मुलगी खाली जमिनीवर बसली आणि माझी पोटरी दाबायला लागली. तिच्या त्या तळमजल्यावरच्या खोलीत ती इतरांची दाबते तशीच असावी. मला फार दुखलं.

"बाबा, निबंध मी कामामुळे बदलणाऱ्या चालीवर लिहिलाय. ओझी वाहणारे, तासन्‌तास उभे राहणारे, असे. आणि त्याची सुरुवात तुमच्यापासून आहे."

"माझ्यापासून?"

"लहान होते तेव्हा इमारतीतल्या सगळ्यांचे बाबा जिन्यावरून येताना ऐकू यायचे. तुमचं कधीच कळायचं नाही. मान वर केली की तुम्ही समोर उभे. मला वाटायचं, माझे बाबा चालतच नाहीत, नुसते येतात." तिने दुसरी पोटरी हातात घेतली. "मग शिकायला लागल्यावर कळलं, की तुमची टाच जमिनीला लागतच नाही. गुडघे त्यानेच दुखतात. आज त्यांना दाखवता आलं. मी नुसतं सांगून ते त्यांना इतकं पटलं नसतं."

"मग मला आधी का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही नीट चालला असता."

 माझे गुडघे सातासमुद्रापलीकडे चर्चेला गेले आणि ते मलाच माहीत नव्हतं, याचा मला राग आला होता. पण आयुष्यभर मी लोकांच्या मुलांचे पाय बघत फिरलो, आणि या घरात कोणीतरी माझे पाय बघत मोठं झालं, हे मला आत्ता कळत होतं. डोळे पुसायला काहीतरी कारण हवं होतं, म्हणून मी दुखतंय असं ओरडलो. बायको आतून म्हणाली, "जोरात दाब."

प्रवेश मिळाल्याचं मुलीने रुग्णालयातून फोनवर कळवलं, अर्थातच आईला. मी घरी आल्यावर विचारलं, "कितवी आलीस?"

"नंबर नसतो, बाबा."

"बरं, किती पैकी किती?"

"मला घेतलं, एवढंच आहे."

साहेब म्हणाले, यादी लागल्याशिवाय मी अभिनंदन करणार नाही. ते अजून यादीची वाट बघत आहेत. मेहुण्याला मात्र कसलंच आश्चर्य वाटलं नाही. "मी म्हटलं होतं ना भाऊजी, वशिला लागतो? शेवटी तुमचे गुडघेच कामी आले." त्याच आठवड्यात, परीक्षेचं केंद्र या नात्याने, आमच्या विभागाकडून मुलीच्या नावाने घरी एक छापील पत्र आलं. परीक्षेला गैरहजर राहिल्याने आपला निकाल जाहीर करता येत नाही, याबद्दल विभाग दिलगीर आहे. खाली माझी सही होती.

तिला सोडायला आम्ही विमानतळावर गेलो. बायको रडली आणि मेहुणाही रडला. मी तिचे कागद पाचव्यांदा तपासून दिले. काचेच्या दारातून आत गेल्यावर ती वळली आणि तिने एक बोट खाली जमिनीकडे दाखवलं. बायकोला वाटलं, काही पडलं. मला कळलं होतं. परतताना त्या लांबलचक फरशीवर मी प्रत्येक पावलाला टाच टेकवत चाललो. पोटऱ्या ताणल्या जाऊन जीव जात होता.

"आज तुमच्या पावलांचा आवाज येतोय," बायको म्हणाली.

"हो," मी म्हणालो. त्याहून जास्त बोललो असतो तर मलाही रडू आलं असतं.

आता तिने नेमून दिलेला व्यायाम मी रोज करतो. रबरी बूट जाऊन कडक तळव्याचे आले. पुढच्या परीक्षेला त्या बुटांनी हॉलमध्ये शिरलो तेव्हा पहिल्याच रांगेत तीन पोरं दचकली, आणि मी तिसऱ्या बाकापाशी पोचायच्या आत कोपऱ्यात कोणीतरी चिठ्ठी गिळल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. त्या सत्रात माझ्या नावावर एकही कॉपी नाही. प्राचार्यांनी वय झालं का म्हणून विचारलं. गुडघे मात्र जिन्यावर गप्प असतात.

शेवटच्या पेपरनंतर बाक तपासताना खिडकीजवळच्या बाकावर ताजं कोरलेलं दिसलं. 'घोडा.' जवळच जुनं 'मांजर'ही होतं, पुसट झालेलं. मी दोन्ही एकाच फोटोत येतील असं बघून मुलीला पाठवलं. तिकडे तेव्हा पहाट असावी, पण उत्तर लगेच आलं. 'चांगली प्रगती आहे, बाबा.'

किती पैकी किती, ते तिने लिहिलं नव्हतं. मीही विचारलं नाही.